रक्तदाबाची वही वाचनालयात

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांना लकवा मारला. रक्तदाबाची गोळी त्यांना आधीच सुरू झाली होती. महिनाभर घेतली, बरे वाटले, म्हणून सोडली. वॉर्डात काम करताना असे पेशंट मी कितीतरी पाहिले. "गोळी बंद करू नका," एवढेच आम्ही सांगायचो. का, हे समजावायला वेळ नसायचा. मलाही नसायचा, हे कबूल करते.

तर आता सांगते. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, चक्करही येत नाही. आतल्या आत हृदय, मेंदू आणि किडनीच्या नसा खराब होत राहतात. गोळी त्याला काबूत ठेवते, मुळापासून काढत नाही. म्हणून बरे वाटणे हे गोळी सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. आकडा काय सांगतो ते पाहायचे.

आकडा लिहायला आम्ही वाचनालय निवडले. दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावर जातो, पेपर वाचायला मात्र रोज जातो. वर्गणी काढून दंडावर बांधायचे मशीन घेतले आणि टेबलावर प्रत्येकाच्या नावाची वही ठेवली. अभ्यासिकेतली पोरेपोरी आकडे लिहून देतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचे. हात छातीच्या उंचीवर हवा, आणि गप्पा बंद! (हे आमच्या बायकांना सर्वांत जड जाते.) वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा जास्त आले, तर वही घेऊन सरकारी दवाखान्यात जायचे. 180/110 च्या पुढे गेले, तर त्याच दिवशी.

त्याच टेबलावर एका रविवारी पोरांना फरसाण, वेफर्स, मॅगी यांची रिकामी पाकिटे आणायला सांगितले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड सगळे आले. आकडा शंभर ग्रॅमचा आहे की एका वाट्याचा, तेवढे नीट पाहा. सुके बोंबील, सुकट कोमट पाण्यात दोनदा धुवून घ्या आणि कालवणात वरून मीठ टाकण्याआधी चाखा. ताटात मिठाची वाटी ठेवूच नका.

मिश्रीबद्दल बोलले की बायका हसतात. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चारदा बोट तोंडात जाते. ती तंबाखूच आहे. एकदम सुटत नसेल तर दुपारची आधी सोडा.

चालण्यासाठी वेगळे मैदान कशाला शोधायचे? आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालणे पुरते. वाचनालयात जाताना लांबच्या रस्त्याने जा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपाटात डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' असेल तर मागून घ्या. डॉक्टर असूनही स्वतःला हृदयरोग झाला, त्याबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे नववीतली एक मुलगी रविवारी थोडे थोडे मोठ्याने वाचते. आजीबाई मध्येच थांबवून प्रश्न विचारतात, त्यामुळे पुस्तक पुढे सरकत नाही, पण कुणी उठूनही जात नाही.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही एक गोष्ट लाल पेनाने लिहिली आहे. छातीवर दाब, हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, धाप. बायकांना कधी नुसती मळमळ आणि अचानक गळून गेल्यासारखे वाटणे. असे झाले तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. चालत दवाखान्यात जाऊ नका. 108 लावा.