घराचा संगणकीय आराखडा : भिंतींची उंची आणि कडेच्या पट्ट्या

घर बांधणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च होय. त्यामुळे तळनकाशा सर्वजण बारकाईने पाहतात. उंचीच्या आकड्यांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. खोली फूटभर लहान झाली तर ती आखणीच्या वेळीच ध्यानात येते. जोते अर्धा फूट खाली राहिले तर ते पहिल्या पावसाळ्यात कळते, आणि तोवर उपाय हाताबाहेर गेलेला असतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीने आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणने पुराचा अनुभव घेतला. तेवढ्या मोठ्या पुरापुढे जोत्याची उंची अपुरी पडते हे खरे. परंतु दरवर्षी अंगणात साचणारे पाणी आणि भिंतीत चढणारी ओल रोखणे हे योग्य जोत्याने साधते.

आता गावोगावी संगणक पोहोचला आहे. 'स्वीट होम थ्रीडी' यासारखी विनामूल्य प्रणाली वापरून शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य घराचे चित्र लाभार्थ्यास दाखवू शकतात. या प्रणालीत उंचीची नोंद कशी करावी, याचा हा परिचय.

शून्य कोठे धरावे ?

प्रत्येक उंचीस एक आरंभबिंदू लागतो. या प्रणालीत जमीन सपाट असून तिची पातळी शून्य मानलेली असते. प्रत्यक्षात जागा उताराची असते. म्हणून घराभोवतीच्या जमिनीचा सर्वांत उंच भाग शून्य धरणे इष्ट. रस्त्यावर डांबराचे नवे थर चढून रस्ता वर येतो व घर खाली जाते, हेही विसरू नये. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीनुसार जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर उंच असावे लागते. तेव्हा तळमजल्याची पातळी 45 अशी नोंदवावी.

भिंतीची उंची

नवी भिंत काढताना प्रणाली तिची उंची आपोआप 250 सेंटिमीटर व जाडी साडेसात सेंटिमीटर धरते. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे चुकीचे होय. राहत्या खोलीची उंची फरशीपासून छतापर्यंत किमान 2.75 मीटर असावी, असे संहिता सांगते. शिवाय आपल्याकडील नऊ इंची विटांची भिंत सुमारे 23 सेंटिमीटर जाड असते. आखणीपूर्वीच उंची 300 व जाडी 23 अशी बदलून घ्यावी. अन्यथा चित्रात खोल्या प्रत्यक्षाहून प्रशस्त दिसतात आणि कुटुंबाची फसगत होते.

वरचा मजला असल्यास त्याची पातळी बेरजेने मिळते : जोते 45, भिंत 300 आणि स्लॅब 12, एकूण 357 सेंटिमीटर.

खिडकीची उंची मात्र त्या मजल्याच्या फरशीपासून मोजली जाते. खिडकीचा तळ 90 व खिडकी 120 उंच असल्यास तिचा माथा 210 वर येतो व दरवाजाच्या माथ्याशी जुळतो. गवंड्याने हेच 90 जमिनीपासून मोजले, तर खिडकीचा तळ फरशीपासून अवघ्या 45 सेंटिमीटरवर येईल आणि लहान मुलांना धोका निर्माण होईल. म्हणून कागदावर प्रत्येक आकड्यापुढे 'फरशीपासून' किंवा 'जमिनीपासून' असे स्पष्ट लिहावे.

पट्ट्या केवळ शोभेच्या नव्हेत

भिंतीच्या पायाशी बसणारी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, फरशी पुसताना उडणाऱ्या पाण्यापासून गिलाव्याचे रक्षण करते. भिंतीच्या माहितीच्या चौकटीत डाव्या व उजव्या बाजूस ही पट्टी स्वतंत्रपणे देता येते. भिंत ज्या दिशेने काढली असेल, त्यावरून डावी-उजवी ठरते. म्हणून पट्टी घराच्या आतील बाजूस आली आहे ना, हे पाहून घ्यावे. खर्चाचा अंदाजही सोपा आहे. 3.6 मीटर लांब व 3 मीटर रुंद खोलीची परिमिती 13.2 मीटर होते. त्यातून 0.9 मीटरचा दरवाजा वजा करता 12.3 मीटर पट्टी लागेल.

खिडकीवरील छज्जा दाखविण्यासाठी वस्तूंच्या यादीतील साधा खोका घेऊन त्याची लांबी, रुंदी व जाडी बदलावी आणि तो फरशीपासून 210 वर ठेवावा. छज्जाच्या खालच्या कडेची, पाणी भिंतीकडे न वळता तेथेच ठिबकावे म्हणून ठेवलेली खाच इतक्या लहान प्रमाणात चित्रात दिसत नाही. ती टिपणात लिहावी.

जबाबदारी कोणाची ?

संगणकावरील चित्र हे समजून घेण्याचे साधन आहे. ते अभियंत्याच्या मंजूर नकाशाची जागा घेऊ शकत नाही. तथापि ज्या कुटुंबाने आपले जोते, खिडकी व छत यांचे आकडे आधी पाहिले असतील, ते बांधकामाच्या वेळी पाणसळ व टेप घेऊन स्वतः मोजमाप तपासू शकेल. जोत्याचे काम पूर्ण होताच, भिंती उभ्या राहण्यापूर्वी, पंचायत सदस्यांनी लाभार्थ्यासमवेत हे एक मोजमाप अवश्य करावे. त्या वेळी चूक आढळल्यास ती थोडक्या खर्चात सुधारता येते.