साच्यातली जाड मेणबत्ती पोकळ का निघते?

आमचा धंदा कापडाचा. कोरे कापड पहिल्या पाण्यात आटते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मेणही आटते, हे यवतमाळात जोडधंदा म्हणून जाड मेणबत्त्या पाडल्या तेव्हा कळले. पहिलाच माल दुकानदाराने परत केला. वरून साफ, पण वातीभोवती पोकळ. अर्ध्यावर ज्योत खड्ड्यात बुडून विझायची.

कारण साधे आहे. वितळलेले पॅराफिन मेण गोठताना दहा टक्क्यांच्या आसपास आटते. साच्याला लागलेले मेण आधी घट्ट होते, मधले शेवटी. म्हणून सगळी तूट वातीजवळ येते.

कारागीर बंधूंनी मेण थेट आचेवर ठेवू नये, पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवावे. साधारण ८० ते ८५ अंशांवर ओतावे. किलोमागे दीडशे ग्रॅम मेण राखावे, तेही त्याच घाण्याचे. दुसऱ्या थानाचा तुकडा जोडला की गिऱ्हाईक ओळखतेच. वर साय धरली की सळईने वातीभोवती तीन-चार छिद्रे जवळजवळ तळापर्यंत पाडावीत. बुजली तर पुन्हा पाडावीत. याच कामाचा आम्ही कंटाळा केला होता! बत्ती कोमट असताना राखलेले मेण पाचेक अंश जास्त गरम करून भरावे, पण पहिल्या पातळीच्या वर नाही. वर गेले तर ते साच्याच्या कडेने उतरते आणि बत्ती अडकते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा साचा कूलरसमोर ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नये, बाहेरचे मेण लवकर गोठून पोकळी वाढते. थोडे आटणे मात्र हवेच, त्यामुळेच बत्ती साच्यातून सुटते.