पॅनलवर क्लिक की काळ्या स्क्रीनवर कमांड? आपल्या वेबसाइटचा सर्व्हर कसा सांभाळायचा

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा होता: "सर, होस्टिंगचं पॅनल असताना ती काळी स्क्रीन शिकायची काऊन?" व्हिडिओत दहा मिनिटांत उत्तर दिलं, पण घाईत दिलं. इथे नीट सांगतो.

आधी माझं नुकसान सांगतो. इतवारीत माझं मिठाईच्या डब्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दिवाळीआधी मिठाईवाले वेबसाइटवर डब्यांची ऑर्डर टाकतात आणि डब्यावर छापायचा लोगो तिथेच अपलोड करतात. एका वर्षी अमरावतीच्या एका काकांचा लोगो चढेचना. फाइल ४ एमबीची, आणि स्क्रीनवर नुसता आकडा: ४१३. मी पॅनल उघडलं. पीएचपीच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा होती २ एमबी. ती २० केली, सेव्ह केलं, हिरवी टिक आली. काकांना फोन केला, "आता टाका." पुन्हा ४१३. दोन दिवस मी त्याच पानावर आकडे वरखाली करत बसलो. तिसऱ्या दिवशी काकांनी ३,००० डबे दुसरीकडून घेतले.

चूक कुठे होती? माझ्या सर्व्हरवर पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर बसलेला आहे. दारावरचा वॉचमनच म्हणा. त्याची स्वतःची मर्यादा असते, आणि आपण काही सांगितलं नाही तर ती १ एमबी असते. मी आतल्या काउंटरवर पाटी बदलली, पण वॉचमन सामान गेटवरूनच परत पाठवत होता. माझ्या पॅनलमध्ये या वॉचमनसाठी बटणच नव्हतं. पॅनलची खरी अडचण ही आहे: ज्याने पॅनल बनवलं त्याला जेवढं सुचलं, तेवढंच तुम्हाला दिसतं. आणि हिरवी टिक म्हणजे "सेव्ह झालं" एवढंच. "काम झालं" असा तिचा अर्थ नाही.

शेवटी माझ्याकडे शिकून गेलेल्या एका पोराने काळी स्क्रीन उघडली आणि एनजिनएक्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या वीस ओळी काढल्या. तिथे सरळ लिहिलं होतं की समोरचा फार मोठी फाइल पाठवतोय. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली, मर्यादा २० एमबी. पाच मिनिटांचं काम! तसंच पीएचपीत दोन मर्यादा असतात, एक फाइलची आणि एक पूर्ण फॉर्मची. फॉर्मची मूळची ८ एमबी असते, तीही वाढवावी लागते. (कमांड आणि ओळींचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिलंय, तिथून बघून टाईप करा.)

आता लगेच पॅनलला शिव्या देऊ नका. नवीन ईमेल उघडणं, डोमेन जोडणं, बॅकअप उतरवणं, डेटाबेसमध्ये डोकावणं ही कामं मी आजही पॅनलवरूनच करतो. महिन्यातून एकदाच करायच्या कामाची कमांड कोण लक्षात ठेवणार? ज्यांची साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर आहे, त्यांना तर बहुतेक वेळा पॅनलच पुरतं.

काळी स्क्रीन भीतीदायक वाटते ना? मग इतवारीत कुठल्याही पेढीवर जा आणि टॅलीवर बसलेले मुनीमजी बघा. एफ-८ दाबलं की विक्री, एफ-९ दाबलं की खरेदी. माउसला हातसुद्धा लागत नाही. त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला नाही, रोज लागणारी सात-आठ बटणं बोटांत बसवली आहेत. सर्व्हरचंही तसंच आहे. लॉग बघणं, डिस्क किती भरली ते बघणं, फाइलची कॉपी ठेवणं, फाइल उघडून बदलणं, कॉन्फिग तपासणं, सर्व्हिस रीलोड करणं. सुरुवातीला एवढं पुरे.

यातलं "कॉन्फिग तपासणं" कधीच सोडू नका. एनजिनएक्सच्या कमांडपुढे आडवी रेघ आणि टी लावलं की तो फाइल नुसती वाचून बघतो आणि कुठल्या ओळीत चूक आहे ते सांगतो. एक अर्धविराम राहिला आणि तुम्ही न तपासता रीस्टार्ट केलं, तर साइट बंद. पॅनल निदान चुकीचा आकडा टाकू देत नाही. काळी स्क्रीन मात्र तुम्ही सांगाल ते मुकाट्याने करते.

माझाच दुसरा किस्सा ऐका. सर्व्हरवर फायरवॉल चालू केली, पण ज्या २२ नंबरच्या पोर्टवरून मी स्वतः आत जातो, त्याला परवानगी द्यायची विसरलो. लॉग आउट झालो आणि बाहेरच राहिलो. किल्ली आत, कुलूप बाहेर. होस्टिंगवाल्याच्या साइटवर आणीबाणीचा कन्सोल असतो, त्यातून आत शिरलो. म्हणून आता नियम केलाय: फायरवॉलला हात लावताना दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं, जमलं तरच पहिली खिडकी बंद करायची.

स्वतःचा व्हीपीएस घेऊन त्यावर पॅनल टाकणार असाल, तर दोन खर्च मोजा. एक पैशाचा: सीपॅनेलने २०१९ मध्ये लायसन्सचा दर खात्यांच्या संख्येवर नेला, त्यामुळे बऱ्याच होस्टिंगवाल्यांचं गणित बदललं. दुसरा सुरक्षेचा: पॅनल म्हणजे इंटरनेटवर उघडं आणखी एक दार. वेबमिन हे १९९७ पासूनचं फुकट पॅनल, पण ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं की त्याच्या काही आवृत्त्यांच्या डाउनलोडमध्ये कुणीतरी चोरदार घुसवून ठेवलं होतं. वेबमिनवाल्यांनी लगेच दुरुस्त आवृत्ती दिली. पण ज्यांनी अपडेट केलंच नाही, त्यांचं काय? पॅनल ठेवा, पण अपडेट ठेवा आणि फक्त आपल्या इंटरनेट पत्त्यावरूनच उघडेल असं करा.

आणि एक वही करा. तारीख, कुठली फाइल, आधी काय होतं, आता काय केलं. कमांडचा इतिहास सर्व्हर जवळ ठेवतो, पण पॅनलवर मागच्या मंगळवारी काय क्लिक केलं ते आपल्यालाच आठवत नाही. माझी वही गल्ल्याशेजारी उधारीच्या वहीखाली असते.

अमरावतीचे काका पुढच्या वर्षी परत आले. लोगो ९ एमबीचा होता, चढला. भावात घासाघीस मात्र तेवढीच केली.