बेरोजगाराला मिळणारी मदत आणि आपली जीभ

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट थांबला की त्याचा अर्थ गल्लीतल्या लहान मुलालाही कळतो. माग चालवणाऱ्याची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. माग बंद तर मजुरीही बंद. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर रोकड आटली तेव्हा हे घडले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने पुन्हा तेच घडवले. सुताचा भाव आणि कापडाची मागणी यांचा मेळ बसेनासा झाला की लहानमोठ्या मंद्या तर अधूनमधून येतच असतात. अशा दिवसांत मशिदीच्या समितीकडून अथवा एखाद्या संस्थेकडून धान्याची पिशवी घरी येते, शिधापत्रिकेवर मोफत धान्य मिळते. आणि त्याबरोबर एक बोलणेही सुरू होते. हातपाय धडधाकट आहेत, मग हा रांगेत का उभा? फुकटचे मिळू लागल्यापासून कामाला माणूस मिळत नाही. यांच्या घरात मोबाइल आहेत आणि हे म्हणे गरीब! असे बोलणारे पुष्कळदा पाच वेळचे नमाजी असतात, हिशेबाने जकात देणारे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय ती मदत नसून हे बोलणे आहे.

पवित्र कुरआनने या बोलण्याची नोंद घेतली आहे. सूरह यासीनच्या ४७ व्या आयतीत अशा लोकांचा उल्लेख येतो, ज्यांना अल्लाहने दिलेल्या रोजीतून खर्च करण्यास सांगितले असता ते उलट विचारतात की, ज्याला अल्लाहने इच्छिले असते तर स्वतःच खाऊ घातले असते, त्याला आम्ही का खाऊ घालावे? वरवर पाहता हा तकदीरवरील विश्वास वाटतो. प्रत्यक्षात तो हात आखडता घेण्याचा बहाणा आहे. आज कोणी अल्लाहचे नाव घेऊन असे म्हणत नाही. आज म्हटले जाते की, त्याने मेहनत केली असती तर त्याच्यावर ही वेळ आली नसती. शब्द बदलले, समोरच्याची भूक हा त्याचाच दोष ठरवून आपली जबाबदारी झटकण्याची युक्ती मात्र तीच आहे.

सूरह अल-बकराची २७३ वी आयत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सदक्याचे हकदार कोण, हे सांगताना तेथे अशा गरजूंचे वर्णन येते, जे अल्लाहच्या मार्गात अडकून पडले आहेत, कमाईसाठी जमिनीवर हिंडूफिरू शकत नाहीत, आणि तरीही स्वाभिमानामुळे अजाण माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. त्यांना ओळखायचे ते चेहऱ्यावरून. ते लोकांना गळ घालून मागत नाहीत. अनेक भाष्यकारांनी या आयतीच्या संदर्भात असहाबे सुफ्फा यांचा निर्देश केला आहे. मदीनेच्या मशिदीत एका छपराखाली राहणारे हे सहाबा होते. त्यांना घर नव्हते, कुटुंबाचा आधार नव्हता, ठरलेली कमाई नव्हती. येथे एक आर्थिक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मक्केहून आलेले मुहाजिर बहुधा व्यापारावर जगणारे होते आणि मदीना हे खजुरीच्या बागांचे, शेतीचे गाव होते. हिजरत करताना भांडवल मागे राहिले आणि नव्या गावात जमीन नव्हती. म्हणजे माणसे तीच, त्यांचे हात तेच, परंतु ज्या कामात ते हात तरबेज होते ते कामच हरवले होते. बंद मागासमोर बसलेल्या विणकराची स्थिती याहून फार वेगळी नाही.

सुफ्फावाल्यांपैकीच एक ह. अबू हुरैरा (रजि.). त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग सहीह बुखारीत आहे. भुकेने व्याकूळ होऊन ते लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसले. ह. अबू बकर (रजि.) तेथून निघाले, तेव्हा त्यांनी त्यांना कुरआनच्या एका आयतीविषयी विचारले. आयत त्यांना ठाऊकच होती. विचारण्याचा हेतू इतकाच की त्यांनी आपल्याला सोबत घरी न्यावे. ह. अबू बकर (रजि.) पुढे निघून गेले. मग ह. उमर (रजि.) आले, त्यांनाही तसेच विचारले, तेही निघून गेले. नंतर अल्लाहचे प्रेषित (स.) आले, त्यांनी चेहरा पाहिला, स्मित केले, आणि मनातले ओळखून त्यांना सोबत घेतले. घरात भेट म्हणून आलेला दुधाचा एक पेला होता. प्रेषितांनी (स.) सुफ्फाच्या सर्व लोकांना बोलावून आणण्यास सांगितले. अबू हुरैरांना (रजि.) मनातून वाटले की एवढ्याशा दुधात इतक्या जणांचे काय होणार, पण सर्वजण पोटभर प्यायले, मग ते स्वतः प्यायले, आणि सर्वांत शेवटी प्रेषित (स.) प्यायले.

या हदीसमध्ये बरकतीचा चमत्कार आहे हे खरेच. पण आपल्या विषयापुरते पाहायचे ते वेगळे. उम्मतमधील दोन सर्वश्रेष्ठ व्यक्तींनाही भुकेल्या माणसाचा प्रश्न हा केवळ प्रश्न वाटला, त्यामागची भूक त्यांच्या ध्यानात आली नाही. मग ज्याच्या अंगावर धुतलेला सदरा आहे त्याला गरज नसणारच, असा निवाडा आपण किती सहज देतो! आणि हेच अबू हुरैरा (रजि.) पुढे ह. उमर (रजि.) यांच्या काळात बहरैनचे वाली झाले. सुफ्फावर बसून दुसऱ्याच्या घरचे अन्न खाणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे कोणी नाक मुरडून पाहिले असते, तर त्याने काय गमावले असते, हे सांगायला नको.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. इस्लामने याचनेला नापसंत केले आहे, देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ ठरवला आहे. मग धडधाकट माणसाला मदत देणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे नव्हे काय? याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) कृतीतच शोधावे लागेल. अखेरच्या हजच्या वेळी सदका वाटला जात असताना दोन माणसे मागण्यास आली. प्रेषितांनी (स.) त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले, दोघेही दणकट दिसले. सुनन अबू दाऊदमधील या हदीसचा आशय असा की, तुमची इच्छा असेल तर मी देतो, परंतु यात धनवानाचा वाटा नाही आणि कमावू शकणाऱ्या सशक्ताचाही नाही. नियम स्पष्ट शब्दांत सांगितला. शंका आली असूनही देण्याची तयारी दाखवली. निर्णय त्यांच्या ईमानावर सोपवला. जमलेल्या लोकांना उद्देशून त्यांच्याविषयी एक शब्दही काढला नाही.

‘कमावू शकणारा’ ही अट फुकहांनी फार बारकाईने पाहिली आहे. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. त्या मजहबचे थोर विद्वान इमाम नववी (रह.) यांनी ‘अल-मजमूअ’मध्ये स्पष्ट केले आहे की अंगात बळ आहे पण काम देणारा कोणी मिळत नाही, अशा माणसाला जकात घेता येते, कारण प्रत्यक्षात तो कमावण्यास असमर्थच आहे. देशावरील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. हनफी मताप्रमाणे ज्याच्याकडे निसाबइतकी मालमत्ता नाही त्याला, तो निरोगी आणि कमावता असला तरी, जकात दिल्यास ती अदा होते. म्हणजे वाट निरनिराळी असली तरी बंद मागाचा मजूर दोन्ही मतांनुसार हकदारांतच येतो. मोहल्ल्यातील कुजबुज त्याला ज्या कसोटीवर नापास करते, ती कसोटी फिकहची नाही.

उपदेश करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी मागितले, प्रेषितांनी (स.) दिले, पुन्हा मागितले, पुन्हा दिले, तिसऱ्यांदाही दिले, आणि मग संपत्तीच्या मोहाविषयी समजावले. ते बोल हकीम (रजि.) यांच्या मनाला इतके भिडले की पुढे खलिफांनी बैतुलमालमधून त्यांच्या हक्काचा वाटा देऊ केला तरी त्यांनी तो घेतला नाही. आधी तीनदा देणे आणि मग बोलणे, हा क्रम आहे. आपल्याकडे बोलणे आधी होते, तेही भर रस्त्यात, आणि देणे मग कधीतरी.

फसवले जाण्याची भीती हेही एक कारण सांगितले जाते. बुखारी व मुस्लिममध्ये एका माणसाची हकीकत आहे, ज्याने रात्री सदका दिला आणि तो नकळत एका चोराच्या हाती पडला. सकाळी गावभर चर्चा, की रात्री चोराला सदका मिळाला. दुसऱ्या रात्री तो एका व्यभिचारिणीला गेला, तिसऱ्या रात्री एका श्रीमंताला. रोज सकाळी लोक बोलत राहिले आणि तो अल्लाहची स्तुती करत देत राहिला. शेवटी त्याला कळवण्यात आले की कदाचित त्या सदक्याने चोर चोरीपासून परावृत्त होईल, ती स्त्री व्यभिचार सोडील, आणि श्रीमंताला देण्याची बुद्धी होईल. लोकांनी जी चूक म्हणून चघळली तिच्यात भलाई लपलेली होती. चौकशी जरूर करावी. पण हनफी मताचा अधिकृत निर्णयही असा आहे की योग्य शोध घेऊन दिल्यानंतर घेणारा श्रीमंत निघाला तरी देणाऱ्याची जकात अदा झाली. तेव्हा देणाऱ्याचे नुकसान घेणाऱ्याच्या खोटेपणाने होत नाही. ते कशाने होते, हे सूरह अल-बकराची २६४ वी आयत सांगते: उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने.

बेरोजगाराला लाजवण्याची ही वृत्ती केवळ आपल्या मोहल्ल्यांची नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरिबांच्या कायद्याने तिला सरकारी धोरणच बनवले होते. मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कोणी मदत मागायला येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. त्यासाठी श्रमगृहे उभारली गेली. तेथे आलेल्या नवरा-बायकोला आणि मुलांना वेगवेगळे ठेवले जाई. काम नसण्याचे कारण माणसाच्या स्वभावात शोधण्याची सवय त्या समाजाला लागली होती. ती मोडण्यास तेथे पाऊणशे वर्षे लागली. १९११ साली काही धंद्यांतील कामगारांसाठी बेरोजगारीचा विमा आला, तेव्हा कुठे रोजगार जाणे ही चारित्र्याची नव्हे तर धंद्याची बाब आहे, असे कायद्याने मान्य केले.

आपल्या महाराष्ट्राने हे वेगळ्या मार्गाने मान्य केले. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना रिकामपण आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहरातील पगारदाराकडून घ्यायचे आणि खेड्यातील रिकाम्या हाताला काम द्यायचे. ह. मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) जकातीचे जे स्वरूप सांगितले, म्हणजे श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना परत देणे, त्याची येथे आठवण होते. व्यवसाय कर म्हणजे जकात नव्हे, हे उघडच आहे. पण दोन्हींत घेणारा उपकार घेत नाही, हक्क घेतो. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास बेरोजगार भत्ता देण्याची तरतूद होती. काम नसणे हा मजुराचा अपराध नाही, याची ती कबुलीच होय.

मोफत धान्याने माणसे आळशी झाली, हे विधान तर साध्या गणितापुढे टिकत नाही. प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही, खोलीचे भाडे नाही, विजेचे बिल नाही, मुलीची फी नाही, आईचे औषध नाही. तेवढ्यावर कोण हातपाय पसरून बसेल?

या बोलण्याचा खरा घाव कोणावर बसतो, हेही पाहिले पाहिजे. निर्लज्जपणे मागणाऱ्यावर तो बसत नाही. तो दुसऱ्या दारी जातो. घाव बसतो आयत २७३ मधल्या माणसावर. तो रांगेत येतच नाही. कर्ज काढतो, पत्नीचा दागिना गहाण टाकतो, मुलाला शाळेतून काढून चहाच्या टपरीवर ठेवतो. रमजानमध्ये पिशव्या वाटतानाची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, तेव्हा देणाऱ्यांचे चेहरे हसरे असतात. घेणाऱ्या स्त्रीने पदराने तोंड झाकलेले असते. ते छायाचित्र पाहून आणखी दहा घरे ठरवतात की काही झाले तरी तेथे जायचे नाही.

जकात देताना ती जकात आहे हे घेणाऱ्याला सांगणे आवश्यक नाही; देणाऱ्याच्या मनात नियत असणे पुरेसे आहे. ईदची भेट म्हणून, मुलांसाठी म्हणून दिली तरी ती अदा होते. ज्या नातेवाइकाचे काम सुटले आहे, त्याच्या बाबतीत ही सवलत विशेष उपयोगाची आहे. समित्यांनीही यादी दोन-तीन जबाबदार माणसांपुरती ठेवावी आणि रांग लावण्याऐवजी इशानंतर घरपोच द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे. शाफई फिकहच्या ग्रंथांत असे सांगितले आहे की कारागिराला त्याच्या हत्यारांपुरते द्यावे आणि व्यापाऱ्याला भांडवलापुरते. भाजीवाल्याला थोडक्या दिरहमांत भागते, जवाहिऱ्याला हजारो लागतात, म्हणून रक्कम धंद्याप्रमाणे ठरते. हनफी मतात एकाच माणसाला निसाबइतके एकदम देणे मकरूह आहे; मात्र तो कर्जबाजारी असेल किंवा मोठ्या कुटुंबाचा भार त्याच्यावर असेल तर ती अडचण राहत नाही. शिलाई यंत्र असो, मागाची जळालेली मोटर असो वा हातगाडी, घेतलेली वस्तू त्याच्या पूर्ण मालकीची करून द्यावी, समितीच्या नावावर ठेवू नये, नाहीतर जकात अदा होणार नाही. आणि कोणती वस्तू घ्यायची, हे आधी त्यालाच विचारावे. त्या धंद्यातले त्याला समितीपेक्षा अधिक कळते.