राउटर गुणगुणतोय? दोन हजार काढण्याआधी अ‍ॅडॉप्टर बघा

घरातला राउटर आवाज करायला लागला की लोक सहसा दोनपैकी एक करतात. टीव्हीचा आवाज वाढवतात, नाहीतर मोबाइल उघडून नवा राउटर मागवतात. दुसरं केलं तर दीड-दोन हजार जातात, आणि पुष्कळदा टाकून दिलेल्या जुन्या डब्यात काहीच बिघडलेलं नसतं. साध्या घरगुती राउटरमध्ये फिरणारा भागच नसतो. काही महागड्या गेमिंग राउटरांत पंखा असतो, पण नेटवाला जो पांढरा डबा भिंतीवर ठोकून जातो त्यात तो नाही. मग गुणगुणतं कोण? बहुतेक वेळा, प्लगमध्ये खुपसलेला काळा अ‍ॅडॉप्टर. तो दोनशे ते साडेचारशे रुपयांत मिळतो.

अ‍ॅडॉप्टर भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि राउटरला १२ किंवा ९ व्होल्ट डीसी देतो. त्यासाठी तो आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. चांगल्या स्थितीत हा वेग माणसाच्या कानाच्या मर्यादेबाहेर, म्हणजे सेकंदाला वीस हजारांच्या वर असतो, म्हणून काही ऐकू येत नाही. आतले कपॅसिटर सुकत आले किंवा भार फारच कमी असला की ही लय खाली उतरते, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी थरथरतात आणि ‘चींऽऽ’ असा बारीक सूर निघतो. वय वाढतं तसं वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. त्यामुळे नात म्हणते आवाज येतोय, आजोबा म्हणतात काही नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. तपासणी नातीकडून करून घ्या.

आधी आवाज शोधा, खर्च शून्य

रात्री पंखा आणि फ्रिज थोडा वेळ बंद करा. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं टोक आळीपाळीने राउटर, अ‍ॅडॉप्टर आणि स्विचबोर्ड यांच्याजवळ धरा. खोलीभर पसरलेला वाटणारा आवाज एका जागेवर येऊन थांबतो. आता राउटरमागची पिन काढा, अ‍ॅडॉप्टर मात्र भिंतीतच राहू द्या. आवाज चालूच राहिला, तर राउटरचा संबंध संपला. मग तोच अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावा. तिथे गप्प बसला, तर भानगड बोर्डात आहे.

बोर्डातून ‘तडतड’ किंवा ‘चरचर’ येत असेल, प्लग हलवल्यावर ती कमी-जास्त होत असेल, करपल्यासारखा वास येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटमधली पकड ढिली होऊन ठिणग्या पडत असतात. सॉकेट बदलायला सामान आणि मजुरी धरून साधारण तीनशे ते पाचशे रुपये लागतात. या एका खर्चात चालढकल करू नये. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि वर इस्त्री असा संसार असेल तर तो आजच मोडा.

आवाजाच्या जातीवरून बरंच कळतं. जुन्या, वजनदार, लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडॉप्टरचा ‘घूंऽऽ’ असा खर्जातला आवाज विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. तो थोडा असणारच. जुन्या ट्यूबलाइटचा चोकही त्याच सुरात गुणगुणतो, म्हणून राउटरवर आळ घेण्याआधी डोक्यावरची ट्यूब बंद करून बघा. एका लयीत ‘टिक… टिक… टिक’ येत असेल आणि राउटरचे दिवे त्याच तालावर मिचमिचत असतील, तर अ‍ॅडॉप्टर चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि दरवेळी हार मानतोय. एकतर तो स्वतः गेलाय किंवा पुढे राउटरमध्ये शॉर्ट आहे. अशा वेळी तो लगेच काढा.

आणि आवाज फक्त लाइट गेल्यावरच येत असेल तर? मग दोष इन्व्हर्टरचा. स्वस्त इन्व्हर्टर भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देत नाहीत, चौकोनी देतात. तिच्यावर पंखे घुमतात आणि अ‍ॅडॉप्टरही कुरकुरतात. यासाठी नवा साइन वेव्ह इन्व्हर्टर घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस साधारण बाराशे ते दोन हजारांत मिळतो आणि दोन-चार तास चालतो. घेताना राउटरचे व्होल्ट त्याच्या व्होल्टशी जुळवून घ्या.

डबा कुणाचा आहे?

अ‍ॅडॉप्टरवर बोट ठेवून झालं, आता खिशात हात घालायचा का? थांबा. फायबरच्या जोडणीत डबा बहुधा कंपनीचा किंवा केबलवाल्याचा असतो. तुम्ही भरलेली रक्कम अनामत असते आणि जोडणी बंद करताना डबा परत द्यायचा असतो. जोडणी घेतानाची पावती किंवा मेसेज शोधा. त्यावर अनामत, भाडं किंवा ‘मोफत राउटर’ असं काही असेल तर अ‍ॅडॉप्टर बदलून देणं हे त्यांचं काम आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट नीट चालत नाही’ असं मोघम सांगू नका. तसं सांगितलं की पलीकडचा माणूस तुम्हाला डबा बंद करून चालू करायला लावतो आणि तक्रार तिथेच मिटवतो. ‘अ‍ॅडॉप्टर आवाज करतोय, गरम होतोय, अ‍ॅडॉप्टर बदलून हवाय’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. येणाऱ्या पोराच्या पाठीवरच्या सॅकमध्ये बऱ्याचदा दोन-तीन अ‍ॅडॉप्टर पडलेलेच असतात. ‘बॉक्सच बदलावा लागेल, पंधराशे होतील’ असं तो म्हणाला, तर आधी नुसता अ‍ॅडॉप्टर लावून बघायला सांगा. एवढं ऐकून घेतलं की पंधराशेचा विषय कित्येकदा पुन्हा निघत नाही.

कंपनीच्या डब्याला बाहेरचा अ‍ॅडॉप्टर लावला आणि पुढे काही जळलं, तर नुकसानभरपाई तुमच्याकडून मागितली जाईल, हेही ध्यानात असू द्या.

अ‍ॅडॉप्टर विकत घेताना

डबा स्वतःचा असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर एक फुकटची चाचणी आहे. सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर पुष्कळदा १२ व्होल्टचाच असतो. दोन्हींची लेबलं शेजारी धरून वाचा. ‘आउटपुट’पुढे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नकोत. गोलाच्या आत ठिपका असलेलं छोटं चित्र असतं, त्यात अधिकचं चिन्ह मधल्या ठिपक्याकडे दाखवलं असेल तर दोन्हींवर ते तसंच असलं पाहिजे. हे सगळं जुळलं आणि पिनही नीट बसली, तर तासभर तो लावून बघा. गुणगुण गेली? निदान झालं. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावून बघण्याचा प्रयोग मात्र करू नका.

पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर काउंटरवरचा पहिला प्रश्न ‘कितीचा पाहिजे?’ असा असतो, आणि ‘राउटरचा’ हे त्याचं उत्तर नव्हे. जुना अ‍ॅडॉप्टर सोबत न्या. पिन वरवर सारखी दिसते, पण ५.५ मिलिमीटरच्या पिनमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं. चुकीची घेतली तर एकतर शिरत नाही किंवा शिरून ढिली राहते आणि राउटर दिवसातून चारदा स्वतःच बंद-चालू होतो. १२ व्होल्ट १ अँपिअरचा बरा अ‍ॅडॉप्टर साधारण दोनशे ते तीनशेला पडतो, २ अँपिअरचा तीनशे ते साडेचारशेला. फुटपाथवर तोच ‘२ अँपिअर’ ऐंशी-शंभरला मिळतो. तो हातात घेऊन वजन बघा. आतलं सामान वाचवल्यामुळे तो रिकाम्या काडेपेटीसारखा लागतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अ‍ॅडॉप्टरांना भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होण्यासारखं काम आहे. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी करा.

घरात मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर साधारण ११.४ ते १२.६ दिसायला हवेत. पण रिकाम्या अ‍ॅडॉप्टरचं हे माप पूर्ण भरवशाचं नाही. दम संपलेला अ‍ॅडॉप्टर मोकळा असताना बरोबर बारा दाखवतो आणि राउटर जोडला की खचतो. पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर बदलू म्हणून अ‍ॅडॉप्टर फोडण्याच्या फंदात तर पडूच नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ टिकू शकते.

राउटरच गुणगुणत असेल तर

सुरळी कानाला लावल्यावर आवाज खरोखरच डब्यातून येत असेल, तर मोठी फाइल डाउनलोडला लावा. डाउनलोड चालू असताना सूर बदलला आणि थांबल्यावर पूर्ववत झाला, तर ती आतल्या कॉइलची कंपनं आहेत. चिमुकले सिरॅमिक कपॅसिटरही विजेच्या चढउताराबरोबर आकुंचन-प्रसरण पावतात आणि खालचा सर्किट बोर्ड वाजवतात. कानाला त्रास होतो, यंत्राला नाही. राउटर फारसा तापत नसेल, नेट तुटत नसेल, तर एक पैसाही खर्च करू नका. पोकळ लाकडी शेल्फवर ठेवला असेल तर शेल्फ तो आवाज मोठा करतं. खाली रबराचे चार तुकडे लावा किंवा डबा उशापासून लांब न्या. आवाज दाबायला वरून टॉवेल मात्र टाकू नका. उष्णतेने कपॅसिटर लवकर सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्यांचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात टीव्हीच्या बंद कपाटात, गरम सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर फार काळ टिकणार नाही.

नवाच राउटर असा वाजत असेल तर वॉरंटीची वाट बघू नका. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याच्या मुदतीतच परत करा. पुढे वॉरंटीत गेलात की ‘आवाज हा दोष नाही’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

जुन्या राउटरचं गणित वेगळं. सोबत नेट वारंवार तुटत असेल, आणि जाळीतून टॉर्च मारल्यावर एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसत असेल, तर दुरुस्ती होते. दुकानात दोनशे ते चारशे घेतील. टॉर्च मारलीच आहे तर आत मुंग्या आणि झुरळं आहेत का तेही बघा, उबेला ती येतातच. पण राउटर पाच-सहा वर्षांचा आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर माझ्या मते हे चारशे वाया. दोन्ही बँडचा साधा राउटर साधारण बाराशे ते अठराशेत मिळतो आणि वाय-फाय ६ चा दोन हजारांच्या पुढे. लहान फ्लॅटला पहिला पुरतो. १८ टक्के जीएसटी दाखवणारं पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय दीडशे कमी’ हा सौदा वॉरंटीच्या दिवशी महागात पडतो.

पावसाळ्यात एक काळजी घ्या. कित्येक सोसायट्यांत फायबर गच्चीपर्यंतच येतं आणि तिथून घरात तांब्याची लॅन केबल उतरते. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, तांब्यातून येते. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर ती केबलही उपटा, कारण विजेने जळालेला राउटर सहसा वॉरंटीत बसत नाही.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडची लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक जपून ठेवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तेवढ्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्थात तीनशेच्या अ‍ॅडॉप्टरसाठी आयोगाच्या तारखा घ्यायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं. अडकलेली अनामत सोडवायला मात्र जरूर जा.

बदललेला जुना अ‍ॅडॉप्टर ‘असू दे, लागेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवायची आपली सवय जुनी आहे. चांगला असेल तर वायरीला चिठ्ठी बांधून कुठल्या यंत्राचा, किती व्होल्ट ते लिहून ठेवा. गुणगुणणारा असेल तर वायर कापा, म्हणजे दुसरं कुणी तो लावणार नाही, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे देऊन टाका.