पोटशूळ आणि शोमरोन्याचें तेल

वाचन : लूक १०:३०-३५

या दृष्टांतांतील एक बारीक गोष्ट वाचतांना बहुधा नजरेंतून निसटते. शोमरोन्यानें जखमी मनुष्यास उतारशाळेंत नेलें खरें. परंतु तेल व द्राक्षारस त्यानें वाटेंतच लाविला. घाव किती खोल आहेत याचा निर्णय होईपर्यंत त्यानें त्याला कण्हत ठेविलें नाहीं.

आतां सूरजागडच्या डोंगराखालील गांवें मनांत आणा. रात्रीं कोणाच्या पोटांत असह्य शूळ उठतो, अहेरीचें रुग्णालय दूर, आणि जाणते म्हणतात, "डॉक्टर पाहीपर्यंत कळ राहूं द्या, नाहीं तर रोग लपेल." ही समजूत अडाण्यांनीं काढलेली नाहीं. लंडनचे शस्त्रवैद्य झॅकरी कोप यांचा पोटाच्या तीव्र विकारांच्या निदानावरील ग्रंथ १९२१ सालीं निघाला. निदानापूर्वीं मॉर्फिन देऊं नये, हा त्यांचा इशारा वैद्यांच्या पिढ्यांनीं पाळिला. तेव्हां सोनोग्राफी नव्हती. वैद्याचा हात हेंच मुख्य साधन. पुढें १९९२ सालीं इंग्लंडांत १०० रोग्यांवरील परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कांहींस अफूपासून केलेलें औषध, कांहींस केवळ मिठाचें पाणी टोंचलें होतें. औषध मिळालेल्यांची कळ उतरली, आणि निदानांतील चुका वाढल्या नाहींत. पुढील परीक्षांनींही हेंच दाखविलें. तेव्हां कळ सोसणें हीच श्रद्धा, असें कोणीं प्रार्थनासभेंत शिकवूं नये.

परंतु तेल म्हणजे उतारशाळा नव्हे. अपेंडिक्स फुटल्यावरही घटकाभर बरें वाटतें, आणि घरचे लोक फसतात. म्हणून उपदेशक बंधूंनीं घरच्या गोळ्या, एरंडेल, पोट चोळणें व तापल्या लोखंडाचा डाग, हीं सर्व थांबवावीं. कांहीं वेदनाशामक गोळ्यांनीं पोटांतील व्रण चिघळून रक्तस्राव होतो. रोग्यास खावयास देऊं नये. १०८ क्रमांकावर विनामूल्य गाडी बोलवावी. फोन लागत नसेल तर मिळेल त्या वाहनानें निघावें, आणि पावसाळ्यांत तर नाले भरण्यापूर्वींच.

रुग्णालयांत कळ केव्हां व कोठें उठली, उलटी झाली काय, कोणतें औषध दिलें, आणि स्त्री असल्यास पाळी चुकली काय, हें न लाजतां सांगावें. रोगी माडिया बोलणारा असेल तर दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य बरोबर असावा. मग नम्रपणें विचारावें, "डॉक्टरसाहेब, तपासणी चालू असतां कळ कमी होण्यास कांहीं देतां येईल काय?" हें विचारण्यास कोणीं भिऊं नये.