पोपटीचा दिवस: सकाळी पाला, संध्याकाळी मडकं

जानेवारी लागला की अलिबाग, पेण, रोहा या भागातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "पोपटी कधी लावायची?" भात कापून झालं की त्याच जमिनीत, मातीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. डिसेंबरअखेरीस त्याच्या शेंगा भरू लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत मिळत राहतात. या शेंगा मडक्यात भरून, पाण्याचा थेंबही न घालता, शेतातल्याच आगीत भाजायच्या, ही पोपटी. गुजरातेतल्या वलसाडकडचं उंबाडियु हे हिचंच भावंड.

हल्ली पोपटी सांगून करून मिळते. अडचणीला ते ठीक आहे, पण तशी मागवली तर शेंगा मिळतात, दिवस मिळत नाही. पाला शोधणं, मडकी भरणं, जाळाभोवती वाट पाहणं यांतच माणसं एकमेकांजवळ येतात. म्हणून सगळा दिवस राखून ठेवा आणि पुढच्या क्रमाने चला.

१. दिवस ठरवा. शुद्ध दशमी ते पौर्णिमा यांतला दिवस धरा. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र वर आलेला असतो आणि शेताच्या बांधावरून परतताना पोरांना, म्हाताऱ्यांना वाट दिसते. मुंबईचे पाहुणे गेटवेवरून लाँचने येणार असतील तर मांडव्याला पोचायला साधारण तासभर, आणि तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. त्याच दिवशी परतायचं असेल तर शेवटच्या लाँचची वेळ आधी विचारून घ्या आणि जाळ दुपारी तीनलाच लावा. मुक्काम असेल तर साडेपाचची वेळ उत्तम.

२. जागा बघा. स्वतःचं शेत नसेल तर शेतमालकाची परवानगी घ्या आणि त्याच्या घरच्यांनाही जेवायला बोलवा. भात झोडून मोकळं झालेलं खळं सगळ्यांत सोयीचं, पण पेंढ्याची उडवी जवळ नको. झाडाखाली किंवा वाळल्या गवतात जाळ लावू नका. वारा कुठून वाहतो ते पाहून बसायची जागा ठरवा, नाहीतर सगळी संध्याकाळ डोळे चोळण्यात जाते. पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या जाळ लावण्याआधीच शेजारी हव्यात.

३. सामान जमवा. बारा माणसांना पुरेल असा हा अंदाज आहे:

- मातीची मध्यम मडकी, प्रत्येकी आठ-दहा लिटरची: २
- वालाच्या भरलेल्या शेंगा: ४ किलो
- लहान बटाटे: १ किलो, रताळी: अर्धा किलो
- अंडी: १२
- कोंबडीचे तुकडे: दीड किलो
- ओवा: ४ मोठे चमचे
- खडे मीठ: प्रत्येक मडक्याला एक मूठ
- भांबुर्ड्याचा पाला: दोन मोठे भारे
- केळीची पानं, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, हळद, लिंबं
- गोवऱ्या, पेंढा, वाळक्या काटक्या, नारळाची सोडणं, झावळ्या

मडकी दोन घ्या, कारण एक शाकाहारी ठेवता येतं आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. मडकं रंगवलेलं नको. बोटाने वाजवून पाहा; खणखणीत वाजलं तर ते चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे. कोरं मडकं आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा. आमच्याकडे एका वर्षी ओलसर मडकं घाईने आगीत ठेवलं आणि ते मधोमध उकललं. निम्म्या शेंगा राखेत गेल्या. तेव्हापासून मडकी धुण्याचं काम आम्ही आदल्या सकाळीच उरकतो.

४. कामं वाटा. सकाळी दहाच्या सुमाराला सगळे जमले की प्रत्येकाला काम द्या. पोपटीला पाहुणा असा कुणी नसावा. लहान मुलांनी शेंगा निवडायच्या: किडक्या बाजूला, कोवळ्या बाजूला, भरलेल्या टोपलीत. तरुणांनी सरपण आणायचं. जास्त चालवत नाही अशा आजी-आजोबांना सावलीत खुर्ची द्या आणि मीठ-ओव्याचं माप त्यांच्या हाती सोपवा. माझी आत्या खुर्चीत बसूनच आलेला पाला चुरगळून हुंगायची आणि "हा चालेल, हा टाका" असं सांगायची. तिच्या नाकावर आमचा सगळ्यांचा भरवसा होता.

५. पाला काढा. भांबुर्डा, कुणी याला भामरूडही म्हणतात, शेताच्या कडेला आणि पडीक जागेत आपोआप उगवतो. पानं लवदार आणि मऊ असतात, चुरगळली की उग्र सुवास येतो. पोपटीची खरी चव याच पाल्यात आहे. शेंगांना लागणारी वाफ त्याच्या ओलाव्यातून येते, वासही त्याचाच लागतो आणि मडक्याच्या भिंतीला लागून शेंगा करपत नाहीत. पाला ओळखणारं गावातलं माणूस सोबत घ्याच. अंदाजाने भलतं झुडूप उपटू नका. आणलेला पाला झटकून, धुऊन निथळत ठेवा.

६. दुपार मोकळी ठेवा. कोंबडीच्या तुकड्यांना चिरा पाडून आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ आणि लिंबू चोळा आणि ते बर्फाच्या डब्यात ठेवा. जेवण हलकं असू द्या. तांदळाची भाकरी आणि एखादी भाजी पुरे. त्यानंतरचे दोन तास कुणालाही काम सांगू नका. कुणी बांधावर फिरेल, कुणी चटईवर डोळा लावेल. वर्षभर फोनवर अर्धवट राहिलेली बोलणी याच वेळात पुरी होतात.

७. मडकी भरा. शेंगा, बटाटे, रताळी धुऊन निथळून घ्या आणि मीठ-ओवा चोळा. मडक्याच्या तळाला आणि कडांना पाल्याचा जाड थर द्या. त्यावर शेंगांचा थर, मग बटाटे-रताळी, पुन्हा शेंगा. दुसऱ्या मडक्यात कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात घट्ट गुंडाळून मध्यभागी ठेवा; अख्खी अंडीही धुऊन मध्येच, सगळीकडून शेंगांनी वेढलेली. वर शेंगा आणि शेवटी पाल्याचा बोळा तोंडात इतका दाबून बसवा की मडकं उलटं केलं तरी काही सांडणार नाही.

८. जाळ रचा. जमीन किंचित खोलगट करून त्यात मडकी तोंड खाली करून ठेवा. शाकाहारी मडकं कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांना मोठ्याने सांगा, कारण नंतर दोन्ही सारखीच काळी होतात. भोवती गोवऱ्या उभ्या लावा, मध्ये सोडणं आणि काटक्या, वरून पेंढा आणि झावळ्या. आग वाऱ्याच्या बाजूने लावा. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको. वास थेट शेंगांना लागतो आणि भडक्याचा धोका वेगळाच.

९. वाट पाहा. तीस ते चाळीस मिनिटं लागतात. जाळ एका बाजूला कमी झाला तर तिथे सरपण सरकवा, पण मडकी हलवू नका. मुलांना आगीपासून चार-पाच हात लांब, गोल करून बसवा. दिवसातला हा सगळ्यांत सुंदर वेळ. अंधार उतरतो, अंगाला थंडी लागते, पुढ्यात ऊब असते आणि एकमेकांकडे बघत बसण्यावाचून दुसरं काही करायचं नसतं. मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या पोपटीचं विचारा आणि ऐकत बसा.

१०. परीक्षा घ्या आणि उघडा. पाल्याचा आणि ओव्याचा वास सुटला की मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्रर्र आवाज होऊन ते तत्क्षणी उडून गेले तर पोपटी झाली. निखारे काठीने बाजूला करा, ओल्या गोणपाटाने मडकं धरून बाहेर घ्या आणि राख झटका. तोंडातला पाला काढताना चेहरा बाजूला ठेवा. आतली वाफ जोरात येते. मग केळीच्या पानांवर मडकं उपडं करा. कोंबडीचा सर्वांत जाड तुकडा फोडून पाहा. आत गुलाबी दिसला तर निखाऱ्यांवर तवा ठेवून तुकडे पूर्ण शिजवा.

११. एकाच पानाभोवती बसा. ताटल्या वाटू नका. शेंग दोन बोटांत दाबायची, दाणे तोंडात, टरफल बाजूला. गरम असतानाच खायची. गार पोपटीत ती मजा नाही. सोबत कांदा आणि लिंबू एवढंच पुरे.

१२. शेत होतं तसं करून निघा. निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करा. टरफलं आणि पाला खताच्या खड्ड्यात टाका. प्लास्टिक आणलं असेल तर परत न्या.

मडकी मात्र फोडू नका. घरी नेऊन नुसत्या पाण्याने घासा, उन्हात वाळवा आणि माळ्यावर उपडी ठेवा. आमचं एक मडकं काळंकुळीट झालंय, आणि ते खाली काढलं की भांबुर्ड्याचा पुसटसा वास अजून येतो. आत्या आता नाही. पण पुढच्या जानेवारीत पाल्याचा पहिला भारा आला की कुणीतरी त्यातलं पान चुरगळून नाकाशी नेईल आणि म्हणेल, "हा चालेल."